सुत्त, सुई आणि पुठ्ठा : बौद्ध ग्रंथांच्या हातशिलाईचा इतिहास

विनयपिटकातील पाराजिक विभागाच्या प्रारंभी वेरंजा येथील वर्षावासाचा वृत्तांत आला आहे. त्या वर्षी वेरंजेत दुष्काळ होता. एकांतात बसलेल्या सारिपुत्तांच्या मनात असा विचार आला की, पूर्वीच्या कोणत्या बुद्धांचे शासन दीर्घकाळ टिकले आणि कोणत्या बुद्धांचे टिकले नाही? तथागतांनी त्यांना दिलेल्या उत्तराचा आशय पुढीलप्रमाणे आहे. विपस्सी, सिखी आणि वेस्सभू या बुद्धांनी शिष्यांना विस्ताराने धम्म सांगितला नाही व शिक्षापदे घालून दिली नाहीत. पुढे नाना नावांच्या, नाना गोत्रांच्या, नाना जातींच्या आणि नाना कुळांच्या लोकांनी प्रव्रज्या घेतल्यावर त्यांचे शासन लवकरच लोप पावले. फळीवर ठेवलेली परंतु दोऱ्यात न ओवलेली फुले वाऱ्याने उधळून जावीत, तसे ते झाले. ककुसंध, कोणागमन आणि कस्सप यांचे शासन मात्र दोऱ्यात नीट ओवलेल्या फुलांप्रमाणे टिकून राहिले.

या दृष्टान्तातील दोरा म्हणजे उपदेश आणि विनय होय. तेथे पुस्तकाचा संबंध नाही, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या परंपरेने आपल्या वचनांना ‘सुत्त’ म्हणजे सूत, दोरा असे नाव दिले, तिच्या ग्रंथांचा इतिहास दोऱ्याच्या अंगाने पाहणे अनुचित ठरणार नाही. आचार्य बुद्धघोषांनी अट्ठसालिनीत ‘सुत्त’ शब्दाची जी निर्वचने दिली आहेत, त्यांत ओवलेली फुले जशी विखुरत नाहीत तसे सुत्ताने अर्थ विखुरत नाहीत, हेही एक आहे. ‘ग्रंथ’ हा शब्दही बांधणे, गुंफणे या अर्थाच्या धातूपासूनच आला आहे. ग्रंथाची लिपी, भाषा व पाठभेद यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु पानास पान कोणत्या युक्तीने जोडले गेले आणि त्या युक्तीने वाचकवर्ग कसा बदलला, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात तेवढाच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आणखी एक गोष्ट आरंभीच नमूद करणे अगत्याचे आहे. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, कमरबंध व पाणी गाळण्याचे वस्त्र यांबरोबर सुईचाही समावेश होतो. चिंध्या जोडून चीवर शिवणे हे भिक्खूचे स्वतःचे काम होते. शिवणकामाला आणि कातडीकामाला हीन लेखणाऱ्या समाजात या संघाने सुई आपल्या मोजक्या वस्तूंमध्ये ठेवली. ग्रंथ शिवणारा हात हा या परंपरेला परका नाही.

ताडपत्रातील दोरा

सिंहलद्वीपात इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, मुखोद्गत त्रिपिटक लिपिबद्ध झाले असे सिंहली परंपरा मानते. आलुविहाराचे नाव या घटनेशी जोडलेले आहे. तेथील लेखनसाहित्य म्हणजे ताडाच्या जातीच्या झाडांची पाने. ही पाने उकळून, वाळवून व घासून गुळगुळीत करीत. लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षरे कोरीत आणि मग काजळी व तेल चोळून ती उठावदार करीत. लांबट व अरुंद पान मधोमध दुमडले तर मोडते. म्हणून त्याला घडी घालण्याचा प्रश्नच नव्हता. पानांना एक किंवा दोन भोके पाडून त्यांतून दोरा ओवणे आणि वर-खाली लाकडी फळ्या ठेवून सर्व गठ्ठा आवळणे, हीच त्याची बांधणी.

आज ज्याला आपण पुठ्ठ्याची बांधणी म्हणतो, तिचे दोन्ही घटक, म्हणजे टणक आवरण आणि दोरा, या पोथीत आहेतच. पालकालीन मगध-बंगालातील आणि नेपाळातील अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या काही प्रतींच्या फळ्यांवर तर उत्कृष्ट चित्रे आढळतात. मात्र या दोऱ्याचा स्वभाव वेगळा होता. वाचताना तो सैल करावा लागे, पान उचलून पलटावे लागे आणि वाचन संपताच पुन्हा आवळावे लागे. दोरा तुटला आणि पानांवर अंक नसले, तर ग्रंथाचा क्रमच गेला. वारंवार ओढला गेलेला दोरा भोकाच्या कडा कापतो, हेही जुन्या पोथ्यांवर स्पष्ट दिसते.

ब्रह्मदेशात पोथी गुंडाळण्यासाठी सुती पट्ट्या विणल्या जात. त्यांना ‘साझिज्यो’ म्हणतात. या पट्ट्यांवर दात्याचे नाव व त्याच्या पुण्यकर्माचा उल्लेख विणूनच काढलेला असे. ग्रंथ बांधणारा दोरा स्वतःच वाचण्याजोगा व्हावा, याचे हे अपूर्व उदाहरण होय.

वायव्येकडे गांधारात ताडपत्र नव्हते. तेथे भूर्जपत्र होते. १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीने मिळवलेल्या, मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या खरोष्ठी लिपीतील गुंडाळ्या इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या असून, उपलब्ध बौद्ध हस्तलिखितांपैकी त्या अत्यंत प्राचीन मानल्या जातात. सालीचे तुकडे एकावर एक चिकटवून ही लांब पट्टी केलेली असे आणि तिच्या दोन्ही कडा फाटू नयेत म्हणून त्यांवर दोऱ्याने शिवण घातलेली असे. दोन हजार वर्षांनंतरही त्या सुईच्या खुणा ओळखता येतात. येथे दोरा पाने ओवीत नाही, तर कडा राखतो. बौद्ध ग्रंथावरील सुईचा हा फार जुना पुरावा होय.

कागद आल्यावरही ताडपत्राची आठवण पुसली गेली नाही. मध्य आशिया, तिबेट व नेपाळ येथील कित्येक कागदी पोथ्यांत पूर्वीच्या भोकाच्या जागी केवळ एक वर्तुळ किंवा रिकामी चौकट सोडलेली दिसते. तिबेटी पोथीत तर दोरा ओवलेलाच नसतो. सुटी पाने कापडात गुंडाळून फळ्यांमध्ये आवळतात. दोरा गेला, पण त्याची जागा लेखकांनी राखून ठेवली!

गुंडाळीपासून घडीपर्यंत

चीनमध्ये बौद्ध ग्रंथ प्रथम कागदाच्या गुंडाळीवर उतरले. इ. स. ६४५ मध्ये ह्युएनत्संग परतला तेव्हा त्याने ५२० गठ्ठ्यांत ६५७ ग्रंथ आणले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. फळ्यांत आवळलेल्या भारतीय पोथीसाठी चिनी भाषेत स्वतंत्र शब्दही रूढ झाला. परंतु तेथील वाचकाच्या हाती गुंडाळीच होती. तुनह्वांगच्या गुंफेत सापडलेली, इ. स. ८६८ मध्ये छापलेली वज्रच्छेदिकेची जगप्रसिद्ध प्रतही पाच मीटरांहून लांब अशी गुंडाळीच आहे. वांग-चिए नामक उपासकाने आपल्या मातापित्यांसाठी ती सर्वांना वाटण्याकरिता करविली, असे तिच्या शेवटी म्हटले आहे.

गुंडाळीतील मधला भाग पाहायचा तर आधीचा सर्व भाग उलगडावा लागतो. नित्य पठण करणाऱ्यास ही अडचणच. म्हणून कागद पंख्यासारखा पुढे-मागे दुमडून लांबट पुस्तक करण्याची रीत निघाली. तिचे चिनी नावच ‘सूत्र-घडीची बांधणी’ अशा अर्थाचे आहे. याच सुमारास, नवव्या-दहाव्या शतकांत, तुनह्वांग येथे लहान पुस्तिका दिसू लागतात. काहींच्या घड्या पाठीशी चिकटवलेल्या आहेत, तर काहींच्या घड्यांतून दोरा घालून त्या शिवलेल्या आहेत. ज्यांना आपण पुस्तक म्हणू, त्या वस्तूचे बौद्ध जगतातील हे आरंभीचे नमुने होत.

या पुस्तिका कोणाच्या होत्या? मोठ्या विहारांच्या ग्रंथालयांत गुंडाळ्या असत. पुस्तिका मात्र खिशात, झोळीत बाळगण्याच्या होत्या. इ. स. ९०५ व ९०६ या वर्षांत ऐंशी ओलांडलेल्या एका वृद्धाने वज्रच्छेदिकेच्या अनेक छोट्या पुस्तिका स्वहस्ते लिहिल्या. त्यांपैकी काहींच्या शाईत त्याने स्वतःचे रक्त मिसळले होते, असे त्याच्या समाप्तिलेखांवरून समजते. त्याचे नाव आपणांस ज्ञात नाही, वय मात्र ज्ञात आहे. सूत्र हातात मावेल एवढे झाले, तेव्हा एकटा म्हाताराही ते घडवू शकला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

शिवलेले त्रिपिटक

चिनी त्रिपिटकाचे पहिले मुद्रण इ. स. ९७१ ते ९८३ या काळात झाले. सुमारे एक लाख तीस हजार लाकडी ठसे त्यासाठी कोरले गेले. ते त्रिपिटक गुंडाळ्यांच्या रूपात होते. पुढील अनेक आवृत्त्या सूत्र-घडीच्या रूपात निघाल्या. त्या भव्य होत्या, पण तितक्याच महाग आणि जड. त्यांचा संच राजाश्रय असलेल्या मोठ्या विहारालाच परवडे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्झु-पो चन-ख, हान-शान त-चिंग आणि मि-त्सांग ताओ-खाई या भिक्खूंनी हा प्रश्न हाती घेतला. तोवर चीनमध्ये सामान्य ग्रंथांसाठी दोऱ्याची बांधणी रूढ झाली होती. तिची रीत अशी : एका बाजूस छापलेला कागद मधोमध दुमडायचा, छापील बाजू बाहेर ठेवायची, मोकळ्या कडा पाठीकडे घ्यायच्या आणि त्या कडांपासून थोडे आत, बाजूने आरपार भोके पाडून दोरा घालायचा. त्याआधी आतील गठ्ठा कागदाच्या पिळलेल्या वातींनी बांधून घेत. त्यामुळे बाहेरचा दोरा झिजून तुटला तरी पाने सुटत नसत आणि कोणीही गृहस्थ घरी सुई-दोरा घेऊन पुस्तक पुन्हा शिवू शके. जपानात हीच शिलाई चार भोकांची, कोरियात पाच भोकांची म्हणून प्रसिद्ध आहे.

संपूर्ण त्रिपिटक याच साध्या, चौकोनी, शिवलेल्या पुस्तकांच्या रूपात छापावे, असे या भिक्खूंनी ठरवले. सामान्य पुस्तकाच्या रूपाने सूत्राचा मान कमी होईल, ही शंका तेव्हाही निघाली होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, आदराने कडीकुलपात राहणाऱ्या ग्रंथापेक्षा स्वस्त होऊन घरोघर जाणारा ग्रंथ अधिक हिताचा. १५८९ साली वू-थाई पर्वतावर कामास प्रारंभ झाला. काही वर्षांतच ते दक्षिणेस चिंग-शान येथे हलविण्यात आले. हेच त्रिपिटक ‘चिआ-शिंग त्रिपिटक’ म्हणून ओळखले जाते. राजाज्ञेने नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर ते कोरले गेले. प्रकरणाच्या शेवटी दात्याचे नाव, अक्षरांची संख्या, आलेला खर्च, इतकेच काय कोरणाऱ्या कारागिराचे नावही छापलेले आढळते. पाने शिवणाऱ्याचे नाव मात्र तेथेही नाही.

या शिवलेल्या प्रती समुद्रमार्गे जपानात पोहोचल्या. तेथे ओबाकु संप्रदायाचे भिक्खू तेत्सुगेन दोको यांनी त्यांवरून सुमारे साठ हजार ठसे कोरवून घेतले व १६८१ च्या सुमारास संपूर्ण त्रिपिटक सिद्ध केले. छपाईसाठी गोळा केलेला निधी त्यांनी दोन वेळा आपद्ग्रस्तांना वाटून टाकला आणि तिसऱ्यांदा पुन्हा भिक्षा मागून ग्रंथ पुरा केला, अशी कथा त्यांच्याविषयी सांगितली जाते. ते ठसे उजी येथील मानपुकुजी विहारात आजही जतन केलेले आहेत. जपानातील लहानमोठ्या विहारांना स्वतःचे त्रिपिटक लाभले, ते या शिलाईच्या पुस्तकांमुळे. बांधणी बदलली आणि वाचक बदलले, याहून स्पष्ट दाखला दुसरा कोणता देता येईल?

घडीतील शिवण आणि पुठ्ठ्याचे पुस्तक

पश्चिमेत पुस्तकाची वाट निराळी होती. ईजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे १९४५ साली सापडलेले चौथ्या शतकातील ग्रंथ पपायरसची पाने मधोमध दुमडून, घडीत शिवून कातडी आवरणात घातलेले आहेत. पुढे एका जाड गठ्ठ्याऐवजी अनेक लहान गठ्ठे घेऊन ते एकमेकांस साखळीसारख्या टाक्याने जोडण्याची रीत स्थिर झाली. अशा एका गठ्ठ्यास आपल्याकडील बांधणीवाले ‘जुज’ म्हणतात. युरोपात या जुजांच्या पाठीवर आडव्या जाड दोऱ्या ताणून, शिवणीचा दोरा त्यांभोवती फिरवून नेत आणि त्या दोऱ्यांची टोके फळीत किंवा पुठ्ठ्यात अडकवीत. त्यामुळे आवरण आणि अंतरंग एकजीव होत.

या शिवणीचे मर्म घडीत आहे. बाजूने टोचलेले पुस्तक पाठीपर्यंत उघडत नाही. घडीतून शिवलेले सपाट उघडते. घडीच्या कागदाला एकाच ठिकाणी नव्हे, तर घडीच्या सबंध लांबीवर आधार मिळतो आणि दोरा आत दडलेला असल्याने झिजत नाही.

एकोणिसाव्या शतकात पालि वाङ्मय या पुस्तकरूपात आले. फाउसबोल यांचे धम्मपद १८५५ मध्ये कोपनहेगन येथे, ओल्डेनबर्ग यांचे विनयपिटक १८७९ ते १८८३ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाले; १८८१ साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पालि टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. १८९३ मध्ये सयामचे राजे चुलालोंगकोर्न यांनी ३९ खंडांत त्रिपिटक छापवून जगभरातील ग्रंथालयांना भेट दिले. ताडपत्राच्या पेट्यांतील त्रिपिटक फडताळात उभे राहिले ते तेव्हापासून. देवनागरी वाचकाला ते नालंदा येथून भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात ४१ खंडांत मिळाले, आणि १९९० च्या दशकात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथा-टीकांसह १४० खंडांचा संच सिद्ध केला.

या कातडी बांधणीबाबत एक कटू सत्य सांगितले पाहिजे. हिंदुस्थानात जे कातडे कमावून पुस्तकांवर चढविले जाई, ते कमावणाऱ्या जातींना अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवण्यात आले होते. पुस्तकाचे आवरण त्यांच्या श्रमाचे, अंतरंग मात्र त्यांना निषिद्ध. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर याच समाजांतील असंख्य लोकांनी ग्रंथ हाती घेतला, तेव्हा पुस्तक ही वस्तूच त्यांच्यासाठी नव्या अर्थाची झाली.

आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. ग्रंथालयांतील कातडी बांधणी भुगा होऊन का झडते, याची चौकशी करण्यासाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. तरवडाच्या सालीने कमावलेले हिंदुस्थानी कातडे ग्रंथबांधणीस टिकाऊ नाही, असे तीत आढळले. तरीही अशी कातडी गळून गेलेली जुनी पुस्तके आज हाती घेतली, तर आतील जुज बहुधा शाबूत असतात. आवरण गेले, शिवण राहिली. पुस्तकाचे आयुष्य आवरणावर नसून शिवणीवर असते, हे यावरून उघड होते.

आपल्या फडताळाकडे

याच्या उलट प्रयोगही जुनाच आहे. १८३६ साली इंग्लंडात विल्यम हँकॉक यांनी शिवण टाळून, घड्या कापून, सुटी पाने रबराच्या द्रावणाने चिकटविण्याचे पेटंट घेतले. काही वर्षांत रबर सुकले आणि त्या देखण्या पुस्तकांची पाने गळून पडली. विसाव्या शतकात नवे गोंद आले आणि तीच रीत पुन्हा सर्वत्र पसरली. आज आपल्याकडे निघणारी बहुसंख्य पुस्तके अशीच चिकटविलेली असतात. लहान पुस्तिका तारेच्या टाचण्यांनी जोडलेल्या असतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या टाचण्या गंजतात आणि कागद खातात.

दीक्षेनंतरच्या दशकांत वस्त्यावस्त्यांतून वाचली गेलेली बौद्ध पुस्तके व पुस्तिका आमच्या ग्रंथालयात दानरूपाने येतात. त्यांची दशा पाहून आम्हांस खेद होतो. एका उपासकाने दिलेल्या सुत्त-अनुवादाच्या प्रतीत मधली सोळा पाने नव्हती. पुढच्या पानावरील गाथेचा वक्ता कोण, हे त्या प्रतीवरून सांगता येत नव्हते. दोऱ्यात न ओवलेल्या फुलांचा दृष्टान्त तेव्हा आमच्यापुढे पुस्तकरूपाने उभा राहिला. जे ताडपत्रावर अनेक शतके टिकते, ते आमच्या फडताळावर चाळीस वर्षेही टिकू नये काय?

उपाय अवघड नाही. बांधणीचे काम करून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध कारागिराकडून आम्ही तो शिकून घेतला. ज्या पुस्तकाच्या घड्या शाबूत आहेत, त्याचे जुज प्रथम सुटे करावेत व जुना गोंद हलक्या हाताने काढावा. फाटलेल्या घडीवर पातळ पण चिवट कागदाची पट्टी खळीने लावावी. सर्व जुजांच्या घडीवर एकाच मापाच्या खुणा करून टोच्याने भोके पाडावीत. पाठीवर दोन-तीन सुती फिती आडव्या धराव्यात आणि मेण लावलेला दोरा आतून बाहेर, फितीवरून, पुन्हा आत असा नेत टोकापर्यंत जावे. तेथून पुढील जुजात शिरावे. प्रत्येक टोकाशी खालच्या जुजाच्या टाक्यात दोरा अडकवून गाठ घ्यावी. दोरा ताणावा, पण घडी चिरेल इतका नव्हे. नंतर पाठीवर खळ व जाळीचे कापड, मग अस्तराचा कागद व पुठ्ठा चढवून पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवावे. खळीत थोडा मोरचूद घालण्याची जुनी चाल किडीसाठी आहे. तो विषारी असल्याने लहान मुलांपासून जपावा.

ज्या पुस्तकाच्या घड्या कापलेल्या आहेत, त्यास आतील समास पुरेसा असल्यास चिनी-जपानी पद्धतीने बाजूने शिवावे. ते पूर्ण सपाट उघडणार नाही. परंतु पाने हरवणार नाहीत. जुनी हस्तलिखिते व ताडपत्रे यांना मात्र कोणी स्वतः सुई लावू नये. ते काम जाणत्या संरक्षकाचेच आहे.

एक माणूस दिवसभरात दोन-तीनच पुस्तके नीट शिवू शकतो, असा आमचा अनुभव आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक दिवस चार उपासक-उपासिका या कामास बसले, तरी वर्षाकाठी शंभराच्या आसपास ग्रंथ पुढील पिढीच्या हाती सुरक्षित जातील. चिआ-शिंगच्या भिक्खूंनी त्रिपिटक शिवले ते लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून. लोकांपर्यंत पोहोचलेले पुन्हा विखरू नये म्हणून आपण शिवावयाचे आहे. शिवून झाल्यावर शेवटच्या कोऱ्या पानावर शिवणाऱ्याने आपले नाव व दिनांक अवश्य लिहावा. इतकी शतके जे नाव कोणी लिहून ठेवले नाही, ते लिहिण्याचा प्रारंभ आपल्या विहारांतून व्हावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.